शिक्षक वर्गात एकटा येत नाही

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. शिक्षकाच्या हातात माईक गेला की तास कधी संपेल हे बोलणाऱ्यावर नाही, घंटा वाजवणाऱ्यावर अवलंबून असतं. म्हणून शिपाईमामांना मी आधीच सांगून ठेवलंय, वीस मिनिटं झाली की खुशाल टोल द्या.

सकाळपासून इथं आठवणी चालल्या आहेत. कुणाला छडी आठवली, कुणाला शिमग्याच्या सुट्टीत दिलेला अभ्यास आठवला, कुणाला गळक्या वर्गात बादली ठेवून केलेला भूगोल आठवला. या सगळ्या बोलण्यात एक वाक्य मी मोजलं, ते सात वेळा आलं: "या गुरुजनांनी आम्हांला घडवलं." वाक्य खरं आहे. पण मी तीस वर्षं डी.एड. कॉलेजात, शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवण्याचं काम केलं. त्या नोकरीने मला एक खोड लावली आहे. कुणी "सरांनी आम्हांला घडवलं" म्हटलं की माझ्या मनात लगेच येतं, सरांना कुणी घडवलं? ते कुठल्या गावाहून आले, त्यांच्या घरी कोण काय करत होतं, लहानपणी त्यांना कुणी बोललं, कुणी जवळ घेतलं? आणि त्यातलं काय काय त्यांनी आपल्या वर्गात बरोबर आणलं?

आजचा माझा विषय हाच आहे. त्यासाठी गेल्या दोन महिन्यांत मी आपल्या काही शिक्षकांना फोन केले, दोघांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते त्यांना विचारूनच सांगणार आहे. जे सर आज हयात नाहीत त्यांच्याबद्दल त्यांच्या मुलीशी बोललो.

आधी थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीला किमान १,००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. नववी-दहावीलाही हजारच धरा. म्हणजे दहावी होईपर्यंत कुठलंही मूल किमान ९,००० तास शिक्षकांसमोर बसलेलं असतं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकी पेशावर 'स्कूलटीचर' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी तिकडच्या बारा वर्षांच्या शाळेचा हिशेब सुमारे १३,००० तासांचा धरला होता. त्यांचं म्हणणं असं की, शिक्षक होणारा माणूस प्रशिक्षणाला येण्याआधीच हजारो तास शिक्षकांचं काम बघून आलेला असतो. सुतार, डॉक्टर, वकील यांच्या बाबतीत असं होत नाही. लहानपणची दहा वर्षं रोज पाच तास कुणी डॉक्टरसमोर बसलेलं नसतं.

पण बाकावरून शिक्षक अर्धाच दिसतो. तो काय बोलतो, कसा चिडतो, खडू कसा धरतो, हे दिसतं. तो असं का करतो, घरी जाऊन काय विचार करतो, हे दिसत नाही. त्यामुळे आपण उचलतो ते त्याचं वागणं. त्यामागचा विचार तिथंच राहतो.

माझ्या कॉलेजात मी एक गोष्ट दरवर्षी करून घ्यायचो. पहिल्या महिन्यात मुलांना सांगायचो, तुम्हांला शाळेत लागलेलं एखादं वाक्य वहीत लिहून ठेवा आणि वही माझ्याकडे द्या. मग सराव पाठ सुरू झाले की त्यांच्या पाठांचं ध्वनिमुद्रण करायचो. सहा महिन्यांनी दोन्ही समोर ठेवायचो. "डोकं काय घरी ठेवून आलास?" हे वाक्य ज्याला पाचवीत झोंबलं होतं, तोच पोरगा पाचवीच्या वर्गात शब्दही न बदलता तेच बोललेला असायचा. ऐकून त्याचा स्वतःवर विश्वास बसायचा नाही. अध्यापनाच्या पद्धती आम्ही शिकवत होतो, पण गर्दी झाली, घाई झाली, राग आला की तोंडात येत होते ते जुने नऊ हजार तास.

याची दुसरी बाजूही मी पाहिली. एक विद्यार्थिनी डावखुरी होती. लहानपणी डाव्या हातावर पट्टी खाऊन खाऊन तिने उजव्या हाताने लिहायला शिकून घेतलं होतं. सराव पाठासाठी ती कुठल्याही वर्गात गेली की पाच मिनिटांत तिला डावखुरं मूल सापडायचं. बाकाच्या डाव्या टोकाला त्याला बसवायची, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागत नाही. हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तिच्या हाताला ते माहीत होतं.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. एका दापोली तालुक्याने महाराष्ट्राला दोन मोठे शिक्षक दिले. मुरुडचे धोंडो केशव कर्वे आणि पालगडचे साने गुरुजी. कर्वे शाळकरी वयात सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी निराधार विधवांसाठी संस्था काढली आणि १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ. ज्याला स्वतःला परीक्षेच्या दारातून परत फिरवलं, ज्याला गावाने दार लावलं, त्या माणसाचं सगळं आयुष्य दारं उघडण्यात गेलं. हा माझा अर्थ आहे, तो तुम्ही मानलाच पाहिजे असं नाही. पण मला तो दिसतो.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे होतं. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत, मुलांची अंथरुणं आवरत, आजारी मुलाजवळ बसत. वसतिगृहातल्या मुलाला घरापासून दूर काय वाटतं, हे दापोलीला, औंधला, पुण्याला गरिबीत शिकलेल्या मुलाला कुणी सांगावं लागत नव्हतं.

त्यांच्याही आधी सावित्रीबाई. अक्षरओळख लग्नानंतर झाली, जोतीरावांनी घरी शिकवलं, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत त्या शिकवायला उभ्या राहिल्या. समोरच्या मुलींचं आणि त्यांचं अंतर किती होतं? थोड्याच वर्षांचं. पाटी पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटतं, हे त्यांच्या मनात ताजं होतं.

ही मोठी माणसं झाली. आता आपल्या शाळेत येऊ.

आपले भूगोल आणि विज्ञानाचे सर इथं समोर बसले आहेत, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. सर आले आटपाडीच्या बाजूने. १९७२ च्या दुष्काळात सर कॉलेजात होते आणि घरची सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सुट्टीत सरांनीही फोडली आहे. धाकट्या भावंडांनी सुकडीवर दिवस काढले. ते आपल्या गावात आले तो जून महिना होता. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा त्यांना म्हणाला, "सर, उद्या येनार न्हाय. लावणीला जायचंय." सरांना वाटलं, एवढंसं पोर तमाशाला निघालंय! दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर. मग शिपाईमामांनी त्यांना छत्री देऊन चोंढ्याच्या बांधावर नेलं आणि भाताची लावणी दाखवली.

दुसरा शिक्षक असता तर हा विनोद तिथंच संपला असता. सरांनी त्याचा तास केला. फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'तुमचं', दुसऱ्या बाजूला 'आमचं'. त्यांच्याकडे रानात जायचं म्हणजे शेतात जायचं, आपल्याकडे रानात जायचं म्हणजे जंगलात. त्यांच्याकडे भात म्हणजे ताटातला, आपल्याकडे शेतातलाही. आपण म्हणायचो आवस आणि बापूस, ते म्हणायचे आय आणि बा. आपण त्यांच्या "व्हय मर्दा"ला हसायचो, आणि आपल्या "वाईच थांबा"ला ते हसायचे. त्याच सुमारास शाळेत एक शिक्षक असेही होते की, 'आवस' म्हटलं तर मुलाला उभं करून "गावंढळ" म्हणायचे. आपल्यातला एक जण त्यानंतर तोंडी परीक्षेत कधी बोललाच नाही. तो आज इथं आलेला नाही. म्हणून सांगतो, भाषेचा प्रश्न केवळ गमतीचा नव्हता. ज्याची स्वतःची बोली कुठंतरी हसण्यावारी नेली गेली होती, त्या माणसाने आपल्या बोलीला फळ्यावर जागा दिली. सर मला फोनवर म्हणाले, "पुण्याला बी.एड.ला होतो, तेव्हा माझ्या 'न्हाई'ला सगळा वर्ग हसायचा. ते ध्यानात होतं."

सरांची दुसरी गोष्ट पाण्याची. त्यांच्या मुलखात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या जिल्ह्यात ३,००० मिलिमीटरच्या वर. आणि मे महिन्यात आपल्या आया-बहिणी हंडे-कळशा घेऊन विहिरीवर रांगेत. आपल्याला यात नवल वाटत नव्हतं. जन्मापासून तेच बघत होतो. सरांना मात्र ते सहन होईना. त्यांनी आपल्याला विचारलं, "एवढं पाणी जातं कुठं?" मग एका रविवारी सड्यावर नेऊन जांभ्याचा चिरा दाखवला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कसं झिरपून जातं ते बघायला लावलं. उतार किती, समुद्र किती जवळ, पऱ्ह्याचं पाणी पावसाळा संपल्यावर किती दिवस टिकतं, हे आपण वहीत मांडलं. आपल्या गावातला शिक्षक आपल्या गावाला हा प्रश्न कदाचित विचारता ना. परक्या डोळ्यांनी तो विचारला. आज खालच्या वाडीत दरवर्षी वनराई बंधारा बांधला जातो. तो बांधणाऱ्यांत आपल्या वर्गाचे तिघे आहेत. हा त्या तासाचाच परिणाम, असा दावा मी करत नाही. पण त्या तिघांनाही मी विचारलं, आणि तिघांनीही आधी सरांचंच नाव घेतलं.

आता गणिताचे सर. हे आपल्याच तालुक्यातले. वडील लालबागच्या गिरणीत, एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. गावाकडे मनीऑर्डर आली की घरात साखर यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या जूनमध्ये आपण आठवीत आलो. आपल्या वर्गातल्या किती जणांचे वडील तेव्हा गिरणीत होते, ते आठवा. पोस्टमन वाडीत येईना. आला तरी पत्र घेऊन यायचा, पैसे नाहीत. काहींचे वडील घरी परत आले आणि ओटीवर बसून राहू लागले.

त्या वर्षी गणिताच्या सरांनी दोन गोष्टी केल्या. एक तुम्हांला माहीत आहे. ई.बी.सी.चे फॉर्म त्यांनी वर्गात कधी वाटले नाहीत. संध्याकाळी वाडीवाडीत फिरून, घरी बसून स्वतःच्या हाताने भरले. फी राहिलेल्यांची नावं वर्गात वाचायची नाहीत, असं त्यांनी क्लार्कना बजावलं होतं. दुसरी गोष्ट मलाही गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हती. काळ-काम-वेगाचं प्रकरण त्यांनी त्या वर्षी सगळं नळ आणि टाकीवर शिकवलं. 'इतके मजूर काम सोडून गेले, तर उरलेल्यांना किती दिवस लागतील,' असं एकही गणित फळ्यावर आलं नाही. मी विचारलं, "सर, मुद्दाम?" ते म्हणाले, "मुद्दामच. ज्याचा बाप घरी बसलाय त्याला ते गणित सुटलं नसतं. त्याला दुसरंच काहीतरी दिसलं असतं. रीत तीच आहे, नळ वापरले तर बिघडलं काय?"

मी तीस वर्षं शिक्षकांना 'विद्यार्थ्यांच्या पूर्वानुभवाशी सांगड घाला' असं शिकवलं. हे त्या सगळ्या तासांपेक्षा मोठं होतं. कुठला अनुभव वर्गात आणायचा आणि कुठला दाराबाहेर ठेवायचा, हे गिरणी कामगाराच्या मुलालाच कळलं.

मराठीच्या बाईंबद्दल बोलताना मला जपून बोललं पाहिजे, कारण बाई समोर आहेत आणि अजूनही ऱ्हस्वदीर्घ तपासतात. बाईंची शाळा सातवीनंतर सुटली होती. लग्न झालं, आणि मग सासऱ्यांनी पुढे शिकवलं. मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याला सासूबाईंकडे ठेवून त्या प्रशिक्षणाला गेल्या. आपल्या वर्गात नववीला सोळा मुली होत्या. दिवाळीनंतर एक येईनाशी झाली की तिसऱ्या दिवशी बाई तिच्या अंगणात हजर. काय बोलायच्या, हे त्यातल्या एकीने मला सांगितलं. शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही नाही. तिच्या आईजवळ बसून भाकऱ्या थापू लागायच्या आणि म्हणायच्या, "माझीही सुटली होती हो शाळा. पाच वर्षं रडत होते. हिला नका तसं करू." सोळापैकी चौदा मुली दहावीला बसल्या. ज्या दोघी बसू शकल्या नाहीत त्यांची नावं बाईंना अजून पाठ आहेत.

आणि आपले इतिहासाचे सर, जे आता नाहीत. ते हजेरी फक्त नावाने घ्यायचे, आडनाव उच्चारायचे नाहीत. वर्गात दोन 'संतोष' होते, तर 'उंच संतोष' आणि 'खिडकीतला संतोष'. आणखी एक रीत होती. तास अर्धा झाला की ते पाणी मागायचे. कोपऱ्यातल्या माठातून पाणी आणून द्यायची पाळी हजेरी क्रमांकाने फिरायची. आज एकाची, उद्या पुढच्याची. कुणाचीही पाळी चुकायची नाही. ते स्वतः ज्या प्राथमिक शाळेत शिकले तिथं त्यांना माठाला हात लावू दिला जात नव्हता. तहान लागली की कुणीतरी वरून ओंजळीत ओतेपर्यंत थांबावं लागायचं. त्यांच्या मुलीने मला हे सांगितलं. सरांनी वर्गात हे कधीही बोलून दाखवलं नाही. २० मार्च १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यांनी आपल्याला पुस्तकात होता तेवढाच शिकवला. पण तो धडा येईपर्यंत आपल्यातल्या प्रत्येकाने एकमेकांच्या हातचं पाणी सरांना प्यायलेलं पाहिलं होतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जो सोसतो तोच चांगला शिक्षक होतो? नाही. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे गरिबीचं फार कौतुक करायची सवय आहे. सराव पाठांच्या निमित्ताने मी पुष्कळ शाळा पाहिल्या. एका शाळेत दोन शिक्षक होते, दोघेही एकाच वसतिगृहात वाढलेले, दोघांनीही कमवा आणि शिका योजनेत कष्ट करून पदवी घेतलेली. त्यातले एक उशिरा येणाऱ्या मुलाला विचारायचे, "खाऊन आलायस का?" दुसरे म्हणायचे, "मी सहा मैल चालत जायचो आणि वेळेवर पोचायचो. तुला काय झालं?" मागची वाट एकच, पण एकाच्या मनात त्यातून "याला तरी असं नको" आलं आणि दुसऱ्याच्या मनात "मी सोसलं, यानेही सोसावं." तसंच सुखवस्तू घरात वाढलेले, पण मुलांवर जीव टाकणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. पार्श्वभूमी माणसाला काय देते? एक खिडकी देते. तिच्यातून काही गोष्टी फार स्पष्ट दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत. आपण खिडकीशी उभे आहोत, हे ज्याला कळतं तो मान वळवून दुसरीकडेही बघतो. ज्याला कळत नाही त्याला वाटतं, जग एवढंच.

म्हणूनच २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा त्यात 'स्वतःला समजून घेणे' अशा अर्थाचा एक अभ्यासविषय आला. कागदावर ही गोष्ट फार चांगली आहे. बऱ्याच ठिकाणी त्याची एक फाइल होते, रंगीत पेनांनी सजवलेली, आणि गुण मिळाले की रद्दीत जाते. पण प्रश्न योग्य आहे. मी कोण, कुठून आलो, मला कुठलं मूल पटकन आवडतं आणि कुठलं उगाच खटकतं, हे शिक्षकाने स्वतःला विचारलंच पाहिजे. खटकणाऱ्या मुलामागे बहुतेक वेळा आपल्याच लहानपणातलं काहीतरी उभं असतं.

मान वळवून बघणं म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण अनुताई वाघांचं आहे. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. त्यातून शिकून शिक्षिका झाल्या, पुण्यात नोकरी केली. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये आयुष्य घातलं. त्यांचं दुःख आणि वारली मुलांचं दुःख एक नव्हतं. पुण्याच्या वर्गातलं इथं काही चालत नव्हतं. मुलं शाळेत येईनात, तर ताराबाई आणि अनुताईंनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुलं गुरं घेऊन कुरणात जात होती, तर शाळाही कुरणात गेली, ती कुरणशाळा. शिकण्याचं दार बंद झालं की काय होतं, हे अनुताई स्वतःच्या आयुष्यातून शिकून आल्या होत्या. पण समोरच्या मुलाचं दार कुठल्या बाजूला आहे, हे त्या त्याच्या पाड्यावर जाऊन शिकल्या. शिक्षकाला दोन्ही लागतं.

हे सगळं आज बोलण्याचं कारण आहे. सकाळी चहाच्या वेळी दोन-तीन जणांकडून मी ऐकलं, "आता शाळेत सगळे बाहेरचे शिक्षक. पोर्टलवरून येतात. कुणी नांदेडचा, कुणी बुलढाण्याचा. त्यांना आपल्या पोरांचं काय पडलंय? बदली होईपर्यंत दिवस काढतात." आज 'पवित्र' पोर्टलवरून गुणवत्तेनुसार नेमणुका होतात आणि माणूस घरापासून सहाशे किलोमीटरवर येऊन पडतो हे खरं आहे. पहिली तीन वर्षं तो शिक्षणसेवक, मानधनावर. घरी म्हातारे आईवडील, कदाचित बायको दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला. त्याचं मन गावाकडे ओढ घेणारच. आणि आपल्या तालुक्यात शिकलेली मुलं रांगेत थांबली आहेत, त्यांचा रागही खोटा नाही. त्यांच्या भाषेत, त्यांच्या मातीत शिकवणारा माणूस शाळेला हवाच. गणिताचे सर नसते तर ते नळ आणि टाकी कुठून आले असते?

पण आटपाडीचे सरही बाहेरचेच होते. ते पोर्टलवरून आले नाहीत, वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून एस.टी.ने आले, एवढाच फरक. मग ते आपले कसे झाले? मी त्यांनाच विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिल्या पावसाळ्यात मधल्या वाडीतल्या काकींनी त्यांना ओटीवरची खोली दिली आणि भाडं ठरवायला चार महिने लावले. शिपाईमामांनी त्यांना सगळ्या वाड्या चालत दाखवल्या. आणि गणपतीत कुणीतरी त्यांना नुसतं "जेवायला या" न म्हणता "आरतीला तुम्ही म्हणा" असं म्हटलं. म्हणजे त्यांना आपलं करण्यात गावाचाही हात होता. शिक्षक आपलं गाव पाठीवर घेऊन येतो. ते उतरवून ठेवायला त्याला जागा द्यावी लागते, तेव्हाच तो आपल्या गावाकडे नीट बघू शकतो.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. स्नेहमेळाव्यातून जमलेल्या निधीतून शाळेला प्रोजेक्टर द्यायचं ठरलं आहे, ते जरूर द्या. त्याच्या जोडीला एवढं करू.

पहिली, नव्या शिक्षकांच्या राहण्याची सोय. आपल्यातल्या निदान वीस जणांची घरं गावात बंद आहेत, मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूप. त्यातली दोन-तीन घरं, वीजबिलापुरतं भाडं घेऊन, शाळेच्या शिक्षकांना देऊ. घरही नांदतं राहील.

दुसरी, दर जूनमध्ये नव्याने आलेल्या शिक्षकाला एक रविवार गाव दाखवायचा. सडा, चोंढे, खालची वाडी, वरची वाडी, जिथून पावसात साकव ओलांडून मुलं येतात ती वाट. आणि त्याच दिवशी त्याला त्याच्या गावाबद्दल विचारायचं. कापूस कसा वेचतात, सोयाबीन कधी काढतात, लेंडी नदी कुठून येते. दुसऱ्या दिवशी त्याने तेच वर्गात सांगावं. आपल्या पोरांना महाराष्ट्र तसाच कळेल.

तिसरी सूचना या स्मरणिकेसाठी. आपण शिक्षकांचे फोटो छापले आहेत, खाली नाव, विषय आणि सेवाकाळ. पुढच्या अंकात त्यांच्या आयुष्याबद्दल दोन-दोन पानं असू देत. त्यांचं गाव, आईवडील, त्यांची शाळा, त्यांना शिकवणारे. आपल्यापैकी प्रत्येकाने एका शिक्षकाकडे जाऊन तासभर बसायचं आणि लिहून आणायचं. लवकर करायला हवं. इतिहासाच्या सरांचं मला त्यांच्या मुलीकडून ऐकावं लागलं. बाकीच्यांचं त्यांच्याच तोंडून ऐकता येईल, असे दिवस अजून आहेत.

आजच्या शिक्षकांना एकच सांगतो, वयाने मोठा म्हणून. तुमच्यातल्या ज्या गोष्टीची तुम्हांला इथं आल्यावर लाज वाटली असेल, तुमची बोली, तुमचं गाव, वडिलांचं काम, काहीही, ती वर्गाबाहेर टाकून येऊ नका. समोरच्या पन्नास मुलांत नेमकी तीच गोष्ट लपवत बसलेलं एखादं मूल असतं. त्याला तुमच्याशिवाय दुसरं कुणी ओळखणार नाही.

मामांचा हात घंटेकडे गेलेला मला दिसतोय.  सर, बाई, नमस्कार करतो.